ऊर्जा वाचवणारी शाळेची इमारत कशी डिझाइन करतात? धारूरचं उदाहरण घेऊन समजून घेऊया

'ग्रीन बिल्डिंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा गच्चीवरचे सोलर पॅनल येतात. खरं तर ऊर्जा वाचवणाऱ्या इमारतीत सोलर ही सगळ्यात शेवटची पायरी असते. त्याआधीचे मोठे निर्णय पायाभरणीच्या आधी, कागदावर होतात: इमारतीचं तोंड कुठे, खिडक्या कुठे, छत कसलं. हे तीन निर्णय चुकले तर पुढची ४०-५० वर्षं ती चूक रोज दुपारी वर्गात बसणाऱ्या मुलांना भोगावी लागते.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, आर्किटेक्ट नाही. पण माझी शाळेची दोन वर्षं पत्र्याच्या खोलीत गेली आहेत. मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे काय शिकवलं, ते मला आजही आठवत नाही. म्हणून हा विषय. बीड जिल्ह्यातल्या धारूरसारख्या गावात चार वर्गखोल्यांची नवी इमारत बांधायची आहे असं समजू आणि एकेक निर्णय कसा घ्यायचा ते आकड्यांसह पाहू.

आधी हवामान ओळखा

किल्ले धारूर बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि कधी त्याच्याही पुढे जातो. पण इथली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, त्यामुळे दिवस आणि रात्रीच्या तापमानात चांगला फरक पडतो. कोकणात असं होत नाही. तिथे रात्रीही घाम येतो.

हा फरक आपल्या डिझाइनला फार उपयोगी आहे. दिवसा उष्णता बाहेर अडवायची आणि रात्री थंड हवा आत घेऊन भिंती गार करायच्या, हे सूत्र इथे चालतं. मुंबईच्या शाळेचा नकाशा जसाच्या तसा धारूरला आणला तर त्याचा फायदा मिळणार नाही.

दुसरा प्रश्न म्हणजे इमारत कधी वापरली जाणार? उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळची शाळा भरते. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेचं ऊन त्रास देतं, आणि दिवसभराच्या शाळेत पश्चिमेचं. शिवाय बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्याच्या भागात गेले की मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवली जातात. तुमच्या शाळेत तसं वसतिगृह असेल तर ती इमारत हिवाळ्याच्या रात्रीही वापरात असणार, हेही आधीच लक्षात घ्यायला हवं.

निर्णय १: दिशा

धारूर साधारण १८.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या एका आकड्यावरून सूर्य दुपारी किती उंचावर असेल ते काढता येतं:

- २२ डिसेंबर: क्षितिजापासून सुमारे ४८ अंश, दक्षिणेला
- २१ मार्च: सुमारे ७१ अंश, दक्षिणेला
- मेचा मध्य आणि जुलैचा शेवट: अगदी डोक्यावर (यालाच आपण शून्य सावली दिवस म्हणतो)
- २१ जून: सुमारे ८५ अंश, आणि तोही थोडा उत्तरेकडे झुकलेला

आता दक्षिणेच्या भिंतीत ४ फूट उंचीची खिडकी आणि तिच्या वरच्या कडेला लागून २ फुटांचा छज्जा घ्या. २१ मार्चला दुपारी त्या छज्ज्याची सावली जवळपास ६ फूट खाली येते, म्हणजे पूर्ण खिडकी सावलीत. डिसेंबरमध्ये सावली फक्त सव्वादोन फुटांची, म्हणजे खिडकीच्या खालच्या भागातून हिवाळ्याचं हवंहवंसं ऊन आत येतं. एकही बटण न दाबता छज्जा उन्हाळा आणि हिवाळा ओळखतो.

पश्चिमेला हे जमत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य ३० अंशांच्या आसपास खाली आलेला असतो. तोच २ फुटांचा छज्जा जेमतेम सव्वा फुटाची सावली देतो आणि बाकी ऊन थेट बाकावर येतं. सकाळी पूर्वेलाही तीच गत.

म्हणून पहिला नियम: इमारतीच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेकडे, आखूड बाजू पूर्व-पश्चिमेकडे. खिडक्या उत्तर-दक्षिणेला, आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती शक्यतो बिनखिडकीच्या. वरांडा दक्षिणेला घेतला तर तो आपोआप मोठ्या छज्ज्याचं काम करतो.

जागेमुळे इमारत उलटीच बसवावी लागली तर? मग पश्चिमेला वरांडा, जिना, साहित्याची खोली असं काहीतरी मध्ये घाला आणि त्या बाजूला कडुनिंब, करंज लावा. झाड मोठं व्हायला वेळ लागतो, म्हणून ते बांधकामाच्या आधीच लावावं.

एकच तयार नकाशा अनेक गावांत वापरला जातो तेव्हा नेमकी इथेच गडबड होते. नकाशा तोच, पण रस्ता ज्या बाजूला असेल तिकडे इमारतीचं तोंड फिरवलं जातं. खर्च तेवढाच होतो, आणि दक्षिणेच्या खिडक्या पश्चिमेला जातात.

निर्णय २: छत

बैठ्या इमारतीत सगळ्यात जास्त ऊन छतावर पडतं. वर्ग २० बाय २५ फुटांचा असेल तर छत झालं ५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. उन्हाळ्यात भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊर्जा पडते. एका वर्गाच्या छतावर ४६ किलोवॉट! घरातला गीझर २ किलोवॉटचा धरला तर २३ गीझर एकाच वेळी चालू.

जुना काळपट स्लॅब यातली सुमारे ७० टक्के उष्णता शोषतो, म्हणजे १६ गीझर. चांगला पांढरा लेप किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी असेल तर शोषण २५-३० टक्क्यांवर येतं, म्हणजे ६-७ गीझर. ही सगळी उष्णता वर्गात येत नाही, बरीचशी वाऱ्यासोबत निघून जाते. पण जी येते तिचा उगम इथेच आहे. पांढऱ्या छताला 'कूल रूफ' म्हणतात. अट एकच: धूळ बसली की परिणाम कमी होतो, म्हणून दरवर्षी उन्हाळ्याआधी छत धुवायचं.

काँक्रीटच्या स्लॅबची आणखी एक खोड आहे. तो दुपारी बाराला तापायला लागला तर आतल्या बाजूला त्याची धग तीन-चार तासांनी जाणवते, म्हणजे बरोबर शेवटच्या तासांना. वसतिगृह असेल तर संध्याकाळीही. त्यामुळे रंगासोबत स्लॅबच्या वर उष्णतारोधक थर टाकला तर फरक मोठा पडतो. हा थर वरून टाकावा. आतून लावला तर स्लॅब तापतोच आणि आकुंचन-प्रसरणानं तडे जायची शक्यता वाढते.

पत्र्याचंच छत करायचं असेल तर पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातलं गांदो हे गाव पाहा. तिथे फ्रान्सिस केरे या त्याच गावच्या तरुणानं शिकत असतानाच निधी गोळा करून शाळा उभी केली. ती २००१ मध्ये पूर्ण झाली. खाली मातीच्या विटांचं छत, त्याच्यावर सळयांच्या कैच्यांवर उचललेला पत्रा आणि दोघांच्या मध्ये मोकळी हवा. पत्रा तापतो, पण ती धग मधली हवा वाहून नेते. या शाळेला २००४ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला आणि केरे यांना २०२२ मध्ये प्रिट्झकर हा वास्तुकलेतला सर्वात मोठा सन्मान. तेव्हा पत्रा असला म्हणजे खोली भट्टीच होणार असं नाही. त्रास होतो तो एकेरी, खाली मोकळा असलेल्या पत्र्याचा.

एक सावधगिरी: पत्रा गार राहावा म्हणून त्यावर कडबा किंवा पाचट टाकलेलं आपण बघतो. शाळेत हे करू नका. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत गवती छपराला आग लागून ९४ मुलं गेली. थंडावा मिळवताना पेट घेणारी वस्तू मुलांच्या डोक्यावर ठेवायची नाही.

मग जुनी माळवदाची घरं का नाही?

आजीच्या माळवदाच्या घरात उन्हाळ्यातही गार वाटायचं, हे खरं आहे. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर आणि दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती. धारूरच्या किल्ल्यातल्या जाड दगडी बांधकामाजवळ भर दुपारी उभं राहिलं तरी हा परिणाम जाणवतो. एवढं वजनदार बांधकाम तापायला इतका वेळ घेतं की तोवर संध्याकाळ होते.

पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि त्यातली बरीच माती-दगडाच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर कोसळल्यामुळे. म्हणून माळवदाचं तत्त्व घ्यायचं, बांधकाम जसंच्या तसं घ्यायचं नाही. वजन भिंतींत ठेवायचं, त्याही सिमेंटच्या जोडणीच्या आणि जोता, लिंटेल, छत या पातळ्यांवर काँक्रीटच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. छत मात्र हलकं आणि उष्णतारोधक. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवीच, ती ऊर्जेच्या हिशोबापेक्षा वरची.

विटांच्या भिंतीसाठी लॉरी बेकर यांनी केरळात लोकप्रिय केलेला 'रॅट-ट्रॅप बाँड' माहीत असावा. यात विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवतात. सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. पण तशी जोडणी करता येणारा गवंडी लागतो.

निर्णय ३: उजेड आणि वारा

वर्गात लिहिण्या-वाचण्यासाठी साधारण ३०० लक्स उजेड लागतो. अंदाजाचा एक नियम आहे: खिडकीची वरची कड जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत चांगला उजेड पोहोचतो. ७ फुटांची कड म्हणजे १४ ते १७ फूट. वर्ग २० फूट खोल असेल आणि खिडक्या एकाच बाजूला असतील तर शेवटचे बाक अंधारात आणि दिवसा ट्यूब चालू. दोन्ही बाजूंना खिडक्या आणि आतून पांढरं छत, एवढ्यानं हा प्रश्न सुटतो.

दोन्ही बाजूंच्या खिडक्यांनी वाराही आरपार जातो. ते का हवं? बसलेलं एक मूल साधारण ६०-७० वॉट उष्णता बाहेर टाकतं. ३५ मुलं म्हणजे सव्वादोन किलोवॉट, एक गीझर वर्गातच चालू आहे असं समजा.

गरम हवा वर जाते, म्हणून छताजवळ झरोके हवेतच. सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा रात्रीचा आहे. शाळा सुटली की आपण दारं-खिडक्या घट्ट लावतो आणि दिवसभराची धग आत कोंडतो. झरोक्यांना मजबूत गज आणि जाळी बसवली तर चोरीची किंवा माकडांची भीती न ठेवता ते रात्रभर उघडे ठेवता येतात. सकाळी सात वाजता वर्ग गार मिळतो.

हेच तत्त्व पुण्याजवळ लवळे इथल्या अवसरा अकॅडमी या मुलींच्या निवासी शाळेत पुढे नेलंय. तिथे हवा जमिनीखालच्या नळ्यांतून गार होऊन खोल्यांत येते आणि उन्हानं तापणाऱ्या उंच धुराड्यांतून वर ओढली जाते. केस डिझाइन या संस्थेनं ती आखली आहे. चार खोल्यांच्या शाळेला एवढं करायची गरज नाही, पण एसीशिवाय आरामदायी वर्ग महाराष्ट्रात बांधता येतात याचा तो पुरावा आहे.

आणि कूलर? कोरड्या हवेत तो छान चालतो, पण पाणी पितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात ऐन उन्हाळ्यात पाण्यावर चालणारं डिझाइन कितपत टिकेल, हे आपल्याला माहीत आहे.

आता विजेचा हिशोब

इमारत नीट झाली की मग उपकरणं. एका वर्गात ४ पंखे आणि ४ ट्यूब, दिवसाला ६ तास. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस आहेत, तेवढेच धरू.

- जुनी पद्धत: ७५ वॉटचे पंखे आणि चोक धरून ५० वॉटच्या ट्यूब. एकूण ५०० वॉट. वर्षाला ६६० युनिट.
- नवी उपकरणं: ३० वॉटचे बीएलडीसी पंखे आणि २० वॉटच्या एलईडी ट्यूब. एकूण २०० वॉट. वर्षाला २६४ युनिट.
- नवी उपकरणं आणि चांगला उजेड: ट्यूब दिवसाला फक्त दीड तास. वर्षाला सुमारे १८५ युनिट.

चार वर्गांचे झाले: २६४०, १०५६ आणि ७४०. म्हणजे तेच काम चतुर्थांशाहून थोड्या जास्त विजेत. पंखा घेताना बीईईचे स्टार बघा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर हे लेबल सक्तीचं आहे.

सोलर सगळ्यात शेवटी का?

आपल्याकडे १ किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतात, वर्षाला साधारण १४६० युनिट. जुन्या पद्धतीच्या चार वर्गांना जवळपास २ किलोवॉट लागले असते. नव्या हिशोबात अर्धा किलोवॉट पुरतो. त्यात ऑफिस, संगणक, प्रोजेक्टर, पाण्याची मोटर धरली तरी २ किलोवॉटच्या आसपास काम भागतं. आधी गरज कमी केली म्हणून पॅनलचा खर्च कमी झाला.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. नेट मीटरवर चालणारं साधं ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसा बनवलेला असतो. लोडशेडिंगमध्येही पंखे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

चार वर्गांचे पंखे दोन तास चालवायचे आहेत. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे ०.९. इन्व्हर्टरमधली गळती धरून बीएलडीसी पंख्यांना २ बॅटऱ्या पुरतात. जुन्या पंख्यांना ४ लागतील.

कॉम्प्युटरवर आधी इमारत 'चालवून' बघता येते

सॉफ्टवेअरमध्ये आपण ॲप लोकांना देण्याआधी टेस्ट करतो. इमारतीचंही तसं करता येतं. एनर्जीप्लस हा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा मोफत, ओपन सोर्स प्रोग्रॅम आहे. त्यात भिंती-छताचे थर, खिडक्या, मुलांची संख्या आणि हवामानाची फाइल दिली की वर्षाच्या ८७६० तासांपैकी प्रत्येक तासाला वर्गात किती तापमान असेल ते तो काढून देतो. हवामानाची फाइल प्रत्येक गावाची नसते. सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरची घेऊन अंदाज बांधता येतो.

वापरायची पद्धत सोपी: एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी फक्त छत पांढरं करा, मग फक्त इमारत ९० अंशांत फिरवा, मग फक्त झरोके रात्री उघडा. कुठल्या बदलानं शाळेच्या वेळेतले किती गरम तास कमी झाले, ते आकड्यात दिसतं. बांधून झालेली भिंत फिरवता येत नाही, फाइल मात्र पाच मिनिटांत फिरते.

तुमच्या मोबाइलवर करून पाहा

- कंपास: इमारतीची लांब बाजू कुठल्या दिशेला आहे? महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत फरक नगण्य आहे, पण लोखंडी गजांपासून दूर उभं राहून मोजा.
- लक्स मीटर ॲप: ट्यूब बंद करून पहिल्या आणि शेवटच्या बाकावर उजेड मोजा. फोनचा सेन्सर अंदाजच देतो, पण दोन बाकांतला फरक कळतो.
- सनकॅल्क: नकाशावर शाळा शोधा आणि १५ एप्रिल, साडेचार वाजता सूर्य कुठे असेल ते पाहा.
- तापमान: फोनमध्ये दिसणारं तापमान वर्गातलं नसतं. त्यासाठी साधा भिंतीवरचा थर्मामीटर आणा आणि दर तासाला आकडा लिहून ठेवा.

हे सांगायचं कोणाला?

इमारतींसाठीचा ऊर्जा नियम १०० किंवा त्याहून जास्त किलोवॉट जोडणीच्या मोठ्या इमारतींसाठी आहे. चार खोल्यांची शाळा त्यात येत नाही. म्हणजे तिच्यासाठी हा विचार कोणीतरी आपणहून करावा लागतो.

तो करायची जागा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे तिचं काम आहे. नवीन खोल्या मंजूर झाल्याचं कानावर आलं की नकाशा पक्का होण्याआधी पाच प्रश्न विचारा:

१. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आहे का?
२. पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या आहेत का?
३. छतावर पांढरा आणि उष्णतारोधक थर अंदाजपत्रकात धरला आहे का?
४. दोन्ही बाजूंना खिडक्या आणि वर जाळीचे झरोके आहेत का?
५. लाईट नसताना हा वर्ग बसण्यासारखा राहील का?

यातले पहिले दोन प्रश्न जवळपास फुकट सुटतात, फक्त वेळेत विचारले पाहिजेत. पाचवा सगळ्यात महत्त्वाचा. शाळेच्या वीजबिलात वाचलेले पैसे तसे थोडेच असतील. खरी बचत ही, की एप्रिलमध्ये लाईट गेलेली असतानाही शेवटच्या बाकावरच्या मुलीला फळ्यावरचं दिसतं आणि डोक्यात शिरतं.